चाकावरचा सदरा

माझ्या थोरल्याला घरात बसून जेवायला काय काटे टोचत होते, देव जाणे. धाकटा गेल्यापासून हा बाबा ताट हातात घ्यायचा, गोठ्याच्या दाराशी उभा राहायचा आणि म्हशीकडे बघत गिळायचा. मी म्हणायची, "अरे, तुला म्हशीची सोबत गोड लागते, पण तुझं हे सुतकी तोंड बघून तिला वैरण गोड लागते का, ते तरी विचार." एरवी याला एक चिमटा काढला की हा दोन काढायचा. आता मात्र खडा चावल्यासारखा घास तोंडात फिरवत राहायचा.

दुःख कुणाला नाही? मी तर आई आहे. पण दुःख झालं म्हणून माणसानं पाठीचा कणा काढून खुंटीला टांगावा का? यानं पाटावरचं काम सोडलं. पाटाच्या कडेची वाट सोडली. आमचं रान पाटाला लागून, आणि हा जाणार ओढ्यातून, काट्याकुट्यातून, गावाला वळसा घालून. पाय रक्तानं भरलेले. विचारलं तर म्हणायचा, "असंच."

आणि ज्या एका कामाला मला त्याची गरज होती, त्याला तर पाठच.

"उद्या कचेरीत चल माझ्याबरोबर," मी म्हटलं.

"मी नाही येत."

"का? तिथे वाघ बसलाय?"

"आई, सोड ना आता. कागदानं माणूस परत येतो का?"

"परत आणायला कोण निघालंय? मला नाव पाहिजे. ज्या हातानं चाक फिरवलं त्या हाताचं नाव."

"आणि नाव कळल्यावर काय करशील?"

"त्याच्या दारात जाईन. विचारीन, मेल्या, चाकावर एवढा सदरा लटकत होता, तुझे डोळे काय गोट्या खेळत होते? आणि मग त्याला उभा चिरीन. म्हातारी झाले म्हणून हात थकले नाहीत माझे."

त्यानं ताट तसंच जमिनीवर ठेवलं आणि गेला. कुत्रं आलं, चाटून पुसून गेलं. त्या दिवसांत आमच्या घरात कुत्र्याच्याच तेवढं अंगाला लागलं.

सदऱ्याचं काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी कपड्यावरून भांडतेय.

आमच्या गावाला पाटाचं पाणी. गावाबाहेर रस्ता आडवा येतो तिथे पाट रस्त्याखालून जातो, मोरीतून. माणूस वाकून आत शिरेल एवढी मोरी. मोरीच्या अलीकडे लोखंडी दार, आणि दार उचलायला वर मोठं चाक. गाळ, फांद्या, शेवाळ, कुणाची मेलेली कोंबडी, सगळा कचरा मोरीत जाऊन अडकतो. मग दार खाली पाडून पाणी बंद करायचं आणि कुणीतरी आत शिरून तो ओढून काढायचा. आत हाक पोचेलच असं नाही, म्हणून आत शिरणाऱ्यानं आधी अंगातला सदरा काढून चाकावर टांगायचा. चाकावर सदरा म्हणजे मोरीत माणूस. सदरा आहे तोवर चाकाला हात लावायचा नाही, मग पाण्याची पाळी असलेले शेतकरी शिव्या देवोत नाहीतर साहेबाचा निरोप येवो. हे कुठे लिहिलेलं नाही. माझ्या सासऱ्यांच्या आधीपासून असंच आहे, आणि तोवर कधी कुणी बुडलं नव्हतं.

माझी दोन्ही पोरं त्या पाटावर रोजानं होती. थोरला दारावर, धाकटा मोरीत. त्यांच्यावर पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा सरकारी माणूस. तो कानानं अधू, म्हणून गाव त्याला बहिराच म्हणायचं.

धाकटा म्हणजे विसरभोळ्यांचा राजा. विळा बांधावर, चप्पल पारावर. एकदा बाजारात सायकल विसरून पायी घरी आला आणि सायकल चोरीला गेली म्हणून गळा काढला. त्याच्या मागे फिरून त्याच्या वस्तू गोळा करायच्या, हे थोरल्याचं लहानपणापासूनचं काम. गेला त्याच आठवड्यात धाकटा मोरीतून निघाला, कुणी दोस्त भेटला, त्याच्याशी गप्पा मारत उघडाच घरी आला. सदरा राहिला चाकावर! दुपारभर दार बंद. कुणाची हिंमत हात लावायची? खालच्या अंगाच्या लोकांची पाळी बुडाली, आणि त्यांनी माझ्या दोन्ही पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. घरी आम्ही मात्र पोट धरून हसलो. धाकटी सून तर म्हणाली, "सदऱ्याच्या जागी ह्यांनाच टांगलं पाहिजे चाकावर."

त्यानंतरची ती सकाळ. आभाळ राखेसारखं, वारा भट्टीतून आल्यासारखा, जमीन टाचेसारखी भेगाळलेली. मी आणि धाकटी कांद्याच्या वाफ्यात खुरपत होतो. रोपांनी माना टाकलेल्या. आणि एकदम सरीत पाणी आलं. आधी फेस आला, मग पाला, मग खळखळून पाणी. तापलेल्या मातीचा वास सुटला. मी ओरडले, "आलं गं बाई आलं!" धाकटीनं चपला काढून पाय बुडवले. मी ओंजळ भरून तोंडावर मारली, गार वाटलं.

ते पाणी माझ्या लेकराच्या अंगावरून आलं होतं.

त्या दिवसाचं बाकी काही सांगणार नाही.

थोरला म्हणाला, मी वरच्या दारावर होतो, मला माहीत नाही. बहिरा म्हणाला, मला ऐकू येत नाही. चौकशीला लोक आले, बसले, लिहून घेतलं, गेले. मग गावभर झालं की अपघात. आत माणूस आहे याची कल्पना नव्हती म्हणे. कल्पना नव्हती? सदरा काय पताका म्हणून लावला होता? तो सदरा नंतर बहिऱ्यानंच कापडात गुंडाळून घरी आणून दिला. मी गाठोडं उघडलं नाही. त्यात त्याच्या अंगाचा वास असणार होता. तसंच ट्रंकेत घातलं.

बहिऱ्यानंच चाक फिरवलं, हे मी मनात पक्कं धरलं. एक दिवस संतापाच्या भरात त्याच्या दारात गेले आणि ओसरीवरचा पाण्याचा माठ दगडानं फोडला. तो बाहेर आला, खापरांकडे बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, आत आणखी एक माठ आहे. आणू का?" मला वाटलं, काय हा निर्लज्ज! चार घरं ऐकतील असं ओरडून सांगितलं, "नाव कागदावर येऊ दे, मग माठ नाही, टाळकं फोडीन."

माझं शिक्षण म्हणजे पाटीवर सांडलेल्या खडूएवढं. पण धाकटी शिकलेली. तिनं सांगितलं की सरकारदरबारी काय लिहिलंय ते मागायचा आपल्याला हक्क आहे, तसा कायदाच आहे. तिनं अर्ज लिहिला, मी सही केली. जोर एवढा दिला की कागद फाटला.

उत्तर आलं तेव्हा आम्ही अंगणात कांदा निवडत होतो.

"आत्याबाई, नाही म्हणालेत. चौकशीतले जबाब देण्यापासून सूट आहे म्हणे."

"सूट? ती तर कापडाच्या दुकानात मिळते. यांनी कधीपासून दुकान काढलं?"

"तसं नाही. काही माहिती अशी असते की ती नाही दिली तरी कायद्याला चालतं."

"मग तो कायदा आहे की चाळण? बारीक ते आम्हाला, जाड ते यांना?"

धाकटी हसली नाही. नवरा गेल्यापासून ती माझ्या बोलण्याला हसायची विसरली होती. तिनं खालची ओळ वाचली. त्यात होतं की पटत नसेल तर वरच्या साहेबाकडे अपील करता येईल. मी म्हटलं, "कर. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, त्यांना दाखवू."

अपिलाला तालुक्याला गेलो. साहेब म्हणजे एक बाई निघाली. केसांच्या बुचड्यात पेन खोचलेलं, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, फायलींच्या गठ्ठ्यावर दगड. तिनं आम्हाला खुर्च्या दिल्या. मी बसले नाही. बसलं की माणूस निम्मं भांडण हरतं.

"मावशी," ती म्हणाली, "कायदा सांगतो, मागेल त्याला द्या. द्यायचं नसेल तर कारण आम्ही सांगायचं, तुम्ही नाही. आणि ती कारणंही मोजकीच."

"मग द्या की."

"त्यातलंच एक इथे आहे. एखाद्यानं आमच्यावर विश्वास ठेवून काही सांगितलं आणि नाव फुटलं तर त्याच्या जिवाला धोका असेल, तर ते नाव झाकायचं."

"वा! मेला माझा मुलगा आणि धोका त्याला?"

"हो."

"कुणापासून?"

तिनं गठ्ठ्यावरचा दगड उचलून बाजूला ठेवला. पंखा कुरकुरत राहिला. मग हळूच म्हणाली, "पाटकऱ्याचा माठ कुणी फोडला, मावशी?"

भांडणाच्या मधेच, जन्मात पहिल्यांदा, मी बसले खुर्चीवर.

"म्हणजे तुमच्या कायद्यानं मला गुंड ठरवलं," मी म्हटलं.

"कायदा तुम्हाला ओळखत नाही. मी ओळखते, कारण मलाही आई आहे." तिनं फाईल पुढे ओढली. "पण सगळाच जबाब दडपायचा, हेही बरोबर नाही. तुमच्या मुलाचं काय झालं ते कळायचा तुम्हाला हक्क आहे. ज्यानं माणसाची ओळख पटेल तेवढं झाकून बाकीचं मी देते."

आणि खरंच, आमच्यासमोर बसून तिनं नकलेवर स्वतः शाई फासली. एकेक शब्द पारखून, जोंधळ्यातला खडा वेचावा तशी. मधेच एकदा पेन थांबवून तिनं धाकटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुढचे पुष्कळ शब्द झाकले. मला वाटलं, जिंकले मी! पान पोटाशी धरून बसमध्ये बसले.

घरी आलो तर थोरला दारात. कधी नव्हे ते त्यानं आपणहून विचारलं, "काय मिळालं?"

"मिळालं एक पान. उद्या उजेडात वाचू."

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "रानात जातो," आणि अंधार पडेपर्यंत आला नाही.

सकाळी तो वैरणीला गेल्यावर धाकटी पान घेऊन ओट्यावर बसली. मी कांद्याची पात कापत होते. पान निम्मं काळं, चुलीमागच्या भिंतीसारखं. मधल्या उजेडात जे होतं ते ती वाचू लागली.

"मी चाकाजवळ आलो तेव्हा चाकावर सदरा होता. मी हाका मारल्या. मोरीतून ओ आली नाही. मला वाटलं, आजही विसरून गेला. त्या दिवशी सदऱ्यापायी लोकांची पाळी बुडाली होती, लोक फार बोलले होते. म्हणून मी सदरा काढला, घडी घालून कठड्यावर ठेवला आणि चाक फिरवलं."

पुढे सगळं काळंच होतं.

"परत वाच," मी म्हटलं.

तिनं वाचलं.

"नुसतं सदऱ्याचं वाच."

"सदरा काढला, घडी घालून कठड्यावर ठेवला..." तिनं बोट त्याच ओळीवर ठेवलं.

विळीवरचा माझा हात थांबला. पाटावरची माणसं मी जन्मभर बघितलीत. घामानं आणि गाळानं बरबटलेला दुसऱ्याचा सदरा कोण हातात धरतं? काढायचा आणि भिरकवायचा. घडी कोण घालतं?

मी काही बोलायच्या आत धाकटी उठली. आत जाऊन ट्रंकेतलं गाठोडं घेऊन आली. माझ्यापुढे ठेवलं. गाठ तिनंच सोडली.

सगळी बटणं लावलेली, अगदी गळ्याचंसुद्धा. दोन्ही बाह्या पोटावर एकावर एक. खालचा घोळ आत दुमडलेला. हात बांधून निजलेल्या माणसासारखा सदरा.

ती घडी मी शिकवलेली. पोरं लहान होती, मी दिवसभर लोकांच्या रानात. धाकट्याचे कपडे आवरायचं काम थोरल्याकडे. त्याला ते नीट जमत नव्हतं, तेव्हा मी म्हटलं होतं, "हे बघ, सदऱ्याला हात बांधून निजव. भाऊ निजतो ना तुझा, तसा. म्हणजे चुरगळत नाही." तेव्हापासून धाकट्याचा प्रत्येक सदरा तो तसाच निजवत आला.

त्या बाईनं नाव झाकलं, नातं झाकलं, कामही झाकलं. घडी झाकायची तिला कशी सुचावी? तिला काय माहीत, आमच्या घरात सदरे निजवतात!

धाकटीनं सदरा मांडीवर घेतला आणि गळ्याचं बटण तेवढं सोडलं.

"हे बटण ते कधी लावायचे नाहीत," ती म्हणाली. "जीव घुसमटतो म्हणायचे."

अंगणात पातीला ऊन लागून ती सुकत चालली. खूप वेळानं तिनं विचारलं, "आत्याबाई, याच्याही वर अपील करता येतं. मुदत आहे अजून. करायचं?"

"कुणाचं नाव मागायला, बाई?"

तिनं पानाची घडी केली आणि माझ्या हातात दिली.

दुपारी बाजारातून नवा माठ घेतला आणि डोक्यावरून बहिऱ्याच्या दारात नेऊन ठेवला. तो बघतच राहिला.

"वहिनी, याची काही गरज नव्हती."

"राहू दे. पुन्हा फोडायची लहर आली तर लागेल." मग त्याच्या चांगल्या कानाशी वाकून म्हटलं, "माझ्या शिव्या खाल्ल्यास आणि गप्प राहिलास. का?"

"मला कुठे ऐकू येतं, वहिनी?" तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. "पाणी सोडल्यावर मोरीतून आधी त्याची टोपी बाहेर आली. ती बघून थोरल्यानं कपड्यांनिशी उडी टाकली. मी दार पाडलं, त्याला दोरानं ओढून काढला. तो परत उडी मारायला निघाला. मग त्याला चाकालाच बांधून ठेवला मी. पोरासारखं पोर, चाकाला डोकं आपटून घेत होतं. चौकशीत सगळं खरं सांगितलं त्यानं. एकच मागणं मागितलं, आईला कळू देऊ नका. तुम्ही गावात ओरडत होतात, उभा चिरीन म्हणून. मी म्हटलं, माठच फुटतोय ना? फुटू दे."

म्हणजे कचेरीतल्या त्या बाईला माठापुरतीच माझी भीती नव्हती. माझ्या तोंडाचा एक शब्द सुटता आणि थोरला पुन्हा पाण्याकडे पळता. सरकारातल्या परक्या बाईला जे कळलं, ते एका घरात राहून, एकाच चुलीचं खाऊन मला कळलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावलं कुणी आणि रक्त कुणाचं, हे कुणाला दाखवू?

दिवे लागायच्या सुमाराला थोरला रानातून आला. पाय धुतले. थोरली सून माहेरी गेली होती, घरात आम्ही तिघंच. त्यानं ताट उचललं आणि नेहमीसारखा गोठ्याकडे वळला.

"इकडे ये," मी म्हटलं.

तो वळला. त्याच्या जेवायच्या जागी, भिंतीशी, मी सदरा ठेवला होता. तसाच निजलेला, फक्त गळा मोकळा. ताट त्याच्या हातात कललं. आमटी सांडून पायावर ओघळली तरी त्याला कळलं नाही.

"आई, मी हाका मारल्या होत्या गं..."

"ठाऊक आहे. वाचलंय मी."

"ओ आली असती तर..."

"ठाऊक आहे, म्हटलं ना."

"तू म्हणाली होतीस, त्याला उभा..."

"म्हणाले होते. माझ्या तोंडाला कधी दार होतं का?"

तो धाकटीकडे बघेना. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. धाकटी उठली. तिनं सदरा उचलून छातीशी धरला आणि ती जागा हातानं झाडली. मग तांब्या भरून त्या जागेशी ठेवला आणि आपल्या ताटावर जाऊन बसली.

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, येऊ दिलं. आवाज मात्र हलू दिला नाही. या घरात न्याय करायचा तर आवाज माझाच लागतो.

"आता माझा निकाल ऐक," मी म्हटलं. "चाक फिरवलंस, ते मी तुझ्या माथी मारत नाही. ते त्या विसरभोळ्याच्या, पाळीवाल्यांच्या शिव्यांच्या आणि आपल्या फुटक्या नशिबाच्या माथी. पण चौकशीच्या परक्या लोकांपुढे बोललास आणि आईपुढे सहा महिने मुका राहिलास, ते मी तुला माफ करणार नाही, मरेपर्यंत नाही. माझ्यापासून माझ्याच लेकराला वाचवायला सरकारला शाई फासावी लागली, ही शिक्षा मी भोगीन. तुझी शिक्षा एवढीच, की रोज इथे बसायचं. माझ्यासमोर, हिच्यासमोर, मान वर करून जेवायचं आणि जगायचं. एक लेक पाण्यानं नेला. दुसरा मी गोठ्याला देणार नाही. बस खाली."